सिडकोतल्या साहेबांच्या दिवाणाखाली रफाल!

नाव मी घेणार नाही. पण सिडकोतले एक साहेब, रिटायर्ड, मधुमेही, जन्मात कधी सिग्नल न तोडलेले, त्यांच्या दिवाणाखाली रफाल सापडलं म्हणे! फोमचं असलं तरी रफालच. मोटर, सर्वो, रिसीव्हर, बॅटऱ्या असा हिशेब निघाला, तेव्हा वहिनींनी कपाळाला हात लावला.

रिमोटचं विमान घेतलं, घेऊ द्या हो. पहिलंच रफाल? लढाऊ घाटाच्या विमानाला वेग लागतो; वेग कमी केला की ते खालीच येतं. नवशिक्यानं फोमचं, वरच्या बाजूला पंख असलेलं, संथ ट्रेनर घ्यावं, हे शेजारच्या अकरावीतल्या पोराला कळतं. त्याआधी महिनाभर कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर पाडापाडी करावी, फुकटात होते. पण साहेबांना ट्रेनर म्हणजे कमीपणा!

बरं, तोल तरी बघावा? ट्रेनरचं सोपं असतं: पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. रफालची जागा निराळी, ती माहितीपत्रकात छापलेली. ते वाचतंय कोण? साहेबांचं विमान हातातून सुटलं, नाक आभाळाकडे करून क्षणभर थबकलं आणि थेट बाभळीत. वर साहेब म्हणतात, वारा होता. अहो, वारा संक्रांतीच्या पतंगाला लागतो! शिकताना पहाटेची पडलेली हवा बघावी, आणि झुळूक असलीच तर तिच्या समोर तोंड करून सोडावं.

दुसऱ्या एका काकांची तऱ्हा वेगळी. विमान लांब जाईपर्यंत झकास. आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि काकांचं डोकं फिरतं. पोरं ओरडतात, “काका, जो पंख खाली झुकला, त्याच बाजूला स्टिक ढकला!” काका दोन्ही डोळे मिटतात.

आणि हे ऐका. लिपो बॅटरी चार्जिंगला लावून कुणी झोपतं का? तेही देवघराशेजारी, पडद्याखाली! लिपो पेट घेऊ शकते, ती समोर बसूनच चार्ज करायची असते, आणि फुगलेली तर चार्ज करायचीच नाही. ट्रान्समीटर आधी चालू, मग विमानाची बॅटरी, आणि बंद करताना नेमकं उलट, हेही कुणी पाळत नाही.

आता उडवणार कुठे? 2021च्या ड्रोन नियमांत ही पंखवाली खेळणीही येतात. विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाहीत, आणि आपलं चिकलठाणा विमानतळ तर शहराला खेटून. सिडको, गारखेडा सगळं त्यातच. पश्चिमेला जावं तर लष्कराची छावणी. म्हणून सगळी टोळी बिडकीनच्या पुढे, शेतमालकाला विचारून, माळावर जमते.

घरी काय सांगतात ठाऊक आहे? मॉर्निंग वॉकला जातो. पैठण रोडनं, कारमध्ये बसून!