लहरबिंदू

मराठीला एखादा शब्द देऊनच डोळे मिटायचे, असं मी ठरवून टाकलंय. घर मागे ठेवलं तर भाऊबंद भांडतात. शब्दाला वाटेकरी नाहीत. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तरी 'महापौर', 'दिनांक' रूढ करून गेले. मी तर मंडणगडात मोकळा, शिवाय निवृत्त. जिल्हाही तोच.

आमच्याकडे मोबाईलला रेंज मागच्या आंब्याखालीच येते. त्या जागेचं मी 'लहरबिंदू' असं नामकरण केलं आणि घरात जाहीर केलं. "रेंजची जागा म्हटलं तर काय बिघडतं?" एवढं बोलून बायको आमसुलं उलटायला निघून गेली.

तशी शब्दशुद्धी आमच्या तालुक्याला मानवतच नाही. मुळात 'तालुका' हाच अरबी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव झाला. पुढे पेशवे राज्य चालवू लागले ते पेशवे म्हणूनच! आणि त्यांची फडणिशी सांभाळली कोणी? आमच्या वेळासच्या नाना फडणवीसांनी. साडेतीन शहाण्यांतले हे अर्धे शहाणे, पण 'फडणवीस'मधली फारसी काढून टाकावी असं त्यांना कधी सुचलं नाही. उरलेला अर्धा शहाणपणा तोच असावा.

माझा खरा जळफळाट 'सातबारा'वर आहे. गाव नमुना सात, गाव नमुना बारा. दोन आकडे जोडले, झाला शब्द! ना पंडित, ना समिती. साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी.

परवा दाखल्यांच्या रांगेत एका म्हातारीने अर्ज माझ्यापुढे धरला. "अधिवास म्हंजे काय?"

"तुम्ही इथंच राहता, त्याचा दाखला."

"मग तसं लिवायला काय झालं?"

मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून ती आली होती. जन्म इथे गेला, आणि तो सिद्ध करायचा तर तिला न कळणाऱ्या शब्दात. शब्द पाडणाऱ्यांना महिन्यातून एकदा तरी त्या रांगेत उभं करावं, असं मनापासून वाटलं. सुरुवात माझ्यापासून केली तरी चालेल.

लहरबिंदू मात्र रुळला बरं का! फोन कानाला लावून मी आंब्याखाली फेऱ्या मारू लागलो, की शेजारची पोरं ओरडतात, "लहरबिंदू आले!" अर्थ थोडा सरकलाय, पण व्युत्पत्ती लिहिणाऱ्याला फार शोधावं लागणार नाही, पत्ता मी देऊन ठेवीन.