ऑनलाइन समुपदेशक : एक टिपण

तीर्थरूप आईबाबांस,
कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून.

ऑनलाइन समुपदेशक म्हणजे संगणकाच्या पडद्यावरून ताण, राग आणि स्वतःविषयीचे मत यांवर काम करणारा परवानाधारक माणूस. तो गोळ्या देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे. रत्नागिरीत हा विषय निघाला की १८८६ सालचे मनोरुग्णालयच डोळ्यांसमोर येते, आणि रविवारी चिरंजीवांनी फोनवर समुपदेशकाचे सांगितल्यावर आईचा आवाज बसला तो त्यामुळेच. चिरंजीव कुठेही दाखल झालेले नाहीत. ते घरच्याच जेवणाच्या टेबलाशी, कुळथाच्या पिठाची पुडी बाजूला सारून बसतात. (पुडी पोचली. आंबापोळी पोचली, म्हणजे संपली.)

समुपदेशनाचा तास पन्नास मिनिटांचा असतो. त्याचे दीडशे डॉलर, म्हणजे बारा हजारांहून जास्त रुपये. एवढ्यात हापूसच्या किती पेट्या येतील हा हिशेब बाबांनी करू नये. चिरंजीवांनी तो पहिल्याच तासात, मीटर चालू असताना, करून पाहिला आहे. विम्याकडून थोडे पैसे परत मिळतात, पण त्याचे फॉर्म भरताना बराचसा ताण पुन्हा गोळा होतो.

याहून विचित्र प्रकार परवान्याचा. इथे परवाना राज्यागणिक असतो आणि बोलणारा त्या क्षणी कुठे बसला आहे यावर सगळे ठरते. म्हणून समुपदेशक दर वेळी आधी विचारतो, आत्ता कुठे आहात? टाहो तलावाचा मोठा भाग कॅलिफोर्नियात, उरलेला नेवाडात. तिथे सहलीला गेल्यावर स्वस्त म्हणून सूनबाईंनी पलीकडचे, नेवाडातले हॉटेल घेतले, आणि तास रद्द. रस्ता ओलांडून अलीकडे आले की तोच माणूस, तोच फोन, तोच राग, पण कायदेशीर. शेवटी चिरंजीव अलीकडच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रागावर बोलले. त्या दिवशी विषयाचा तुटवडा नव्हता. गणपतीत रत्नागिरीला आल्यावरही हेच कलम आडवे येणार, तेव्हा त्या दहा दिवसांत घरच्यांनी सांभाळून घ्यावे.

रागाच्या कामामागे अनेकदा अल्बर्ट एलिस यांची १९५५ सालापासूनची विवेकनिष्ठ पद्धत असते. घटनेने राग येत नाही, घटनेविषयीच्या हट्टी समजुतीने येतो, असे एलिस मानत. (भारतातले या पद्धतीचे नावाजलेले जाणकार कि. मो. फडके. फडके म्हटल्यावर बाबांचा थोडा विश्वास बसावा.) उदाहरण घरचेच. नानाकाकांनी गडगा वीतभर आत सरकवला, ही घटना. सख्ख्या भावाने असे कधीही वागता कामा नये, ही समजूत. बाबांचे वाढलेले ब्लडप्रेशर, हा परिणाम. समजूत सैल केली तरी मोजणी मागवता येतेच. फक्त ती ओरडून मागवावी लागत नाही.

आत्मसन्मान मोजायला मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची दहा विधानांची मोजपट्टी वापरतात. कोकणात वाढलेल्या माणसाची तिथे पंचाईत होते. स्वतःबद्दल बरे बोलायचे नाही असे वळण, म्हणून चिरंजीवांनी प्रत्येक ठिकाणी विनय दाखवला, आणि समुपदेशक गंभीर झाला. एलिस यांना तर माणसाला असे गुण देणेच मान्य नव्हते. कृतीला द्या, माणसाला नको. दहावीच्या निकालाच्या दिवशी हे कुणी बाबांना सांगायला हवे होते. असो. 

सुरुवातीच्या फॉर्मवर ताणाच्या रकान्यात चिरंजीवांनी नोकरी लिहिली होती. बोलता बोलता निघाले ते वेगळेच. अवेळी भारताचा नंबर दिसला की छातीत धस्स होते. मग आई विचारते, फोडणीला मोहरी तिकडे मिळते का. आईचा गुडघा, बाबांचे एकट्याने भाट्याच्या पुलावरून स्कूटर नेणे, हे काही त्या रकान्यात मावत नाही. समुपदेशकाने त्यावर उपाय सांगितला नाही. ठरलेल्या वेळी फोन करा, म्हणाला. म्हणून आता बुधवार आणि रविवार, तिकडे सकाळी साडेआठ. आईने त्या वेळेत मांडवीला मासे आणायला जाऊ नये.

तासात काय बोलणे झाले हे समुपदेशक घरच्यांनाही सांगत नाही. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. मावशीने नंबर मागितला तरी उपयोग नाही.

तिकडेही सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चालते. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. गडग्याचा विषय तिथे जरूर काढावा. फोन स्पीकरवर ठेवू नये, नानाकाकांची खिडकी समोरच आहे.

आपला,
चिरंजीव