झाकण्यास हरकत नाही

घरात हार्डवुड घातलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: लाकूड कुठलं आणि स्क्वेअर फुटाला किती पडलं. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींत तिसरा प्रश्न ठरलेला, ‘ग्रे का नाही घेतलं?’ तिन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार आहेत, पण ती देण्यात मला रस नाही. मला ओकच्या खालचं सांगायचं असतं.

सबफ्लोअर, म्हणजे ओकखालचा प्लायवूडचा थर, मी इतक्या निगुतीने केला, की तो झाकायची वेळ आली तेव्हा माझाच जीव खालीवर व्हायला लागला. कार्पेट उपटल्यावर उरलेल्या स्टेपल्स एकेक करून काढल्या. प्लायवूड जिथे करकरत होतं तिथे खालच्या जॉइस्टपर्यंत स्क्रू मारले. दहा फुटी पट्टी फिरवून उंचवटे घासले, खळगे भरले. दहा फुटांत ३/१६ इंचापेक्षा जास्त चढउतार चालत नाही. एवढं सरळ मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. पाहुण्यांना तुळतुळीत प्लायवूड दाखवलं तर म्हणाले, ‘अरेरे, काम अर्धवटच राहिलंय का?’

मग मीटर आला.

याच्या दोन टोकदार पिना लाकडात खुपसायच्या. त्यांच्यामधून वीज किती सहज जाते त्यावरून ओलावा कळतो. सबफ्लोअर १२ टक्क्यांच्या आत हवा. शिवाय तो आणि वरची फळी यांच्यातला फरक, फळी ३ इंच किंवा त्याहून रुंद असेल तर २ टक्क्यांच्या आत. नाहीतर फळ्या खालची ओल पितात, रुंदीत फुगतात आणि कडा उचलून बसतात. म्हणून ओक घरात आणून ठेवायचा, त्याला इथली हवा मानवेपर्यंत थांबायचं. थांबणं ओकला जमलं. हातात मीटर असताना मला ते कसं जमावं?

जेवणाचं टेबल झालं. जिन्याचा कठडा झाला. मुलीची गिटार ती शाळेत असताना झाली. देव्हाऱ्याला मागच्या बाजूने पिना लावल्या, आधी पाया पडून. हे मीटर मुळात डग्लस फर या लाकडाला जुळवलेले असतात, दुसऱ्या लाकडासाठी तक्ता बघून आकडा दुरुस्त करावा लागतो. देव्हारा सागवानी. सागाची ओळ शोधत मी इतका वेळ देवासमोर बसलो, की बायकोने कौतुकाने उदबत्ती आणून दिली. हे कौतुक पोळपाटापर्यंतच टिकलं. तो नुकताच धुतलेला होता, आकडा पंचविशीच्या पुढे गेला. ‘यावर ओक बसवता येणार नाही,’ मी जाहीर केलं. ‘मग पोळ्या लाट,’ ती म्हणाली. आज आमच्या घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूवर साप चावल्यासारखी दोन भोकं आहेत. मंडळाच्या गणपतीत मी मखराजवळ रेंगाळायला लागलो, तेव्हा कार्यकर्त्यांनी मला प्रसादाच्या रांगेत नेऊन उभं केलं.

खालच्या फॅमिली रूमला काँक्रीटचा स्लॅब आहे. तिथे लाकडाच्या पिना कामाच्या नाहीत. १८ इंची चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवायचं, किमान १६ तास हात लावायचा नाही. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर ओल आहे. थेंब जमले. मी ते सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवले.

‘स्लॅब कधीचा?’

‘घर बांधलं तेव्हाचा. साठ वर्षं झाली असतील.’

‘आणि अजून ओला?’

बाबांची अख्खी नोकरी बांधकाम खात्यात काँक्रीट ओलं ठेवण्यात गेली. गोणपाट पसरा, आळी करा, कमीत कमी ७ दिवस पाणी मारा. न मारणाऱ्या ठेकेदाराची त्यांनी कधी गय केली नाही. त्यांच्या मुलाने सातासमुद्रापार ओल जात नाही म्हणून रडावं! मी समजावलं, की जुन्या घरांत स्लॅबखाली प्लास्टिकचा थर बहुधा नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल वर येत राहते. बाबांनी क्षणभर विचार केला. ‘म्हणजे खालून पाणी मारतायत,’ ते समाधानाने म्हणाले.

मग एकदम करड्या आवाजात: ‘झाकायच्या आधी एम.बी. लिहिलीस?’

एम.बी. म्हणजे मोजमाप पुस्तिका. जे काम पुढे झाकलं जाणार, ते झाकण्याआधी मोजून तिच्यात उतरवायचं, हा खात्याचा शिरस्ता. पाया, मोऱ्या, पोटातल्या सळया: बाबांचं निम्मं काम असंच गाडलेलं आहे. फीत कापणाऱ्यांच्या फोटोत ते कुठेच नाहीत. ज्या पुलावरून आम्ही एसटीने आजोळी जायचो, तो त्यांच्या हातचा, हे मला आईकडून कळलं, तेही ते निवृत्त झाल्यावर. आणि मी चार शीट प्लायवूडसाठी टाळ्या मागत गावभर फिरत होतो. याची लाज वाटली. फिरणं थांबलं असं मात्र नाही.

मी वही केली. तारीख, जागा, सबफ्लोअरचा आकडा, ओकचा आकडा, फरक. फॅमिली रूमपुढे शेरा: ओलावारोधक लेप, वर इंजिनिअर्ड लाकूड. पानांचे फोटो पाठवले. बाबांनी दोन ठिकाणी बेरीज-वजाबाकी पुन्हा करायला लावली आणि मग उत्तर आलं: ‘तपासले. झाकण्यास हरकत नाही.’

आता ओक बसलाय. लोक येतात, वाकून बघतात, ग्रे का नाही विचारतात. मी वही आणायला उठलो, की मुलगी त्यांना हळूच विचारते, ‘काका, गाडी पुढच्या दाराशीच लावलीय ना?’