यंदा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक किल्ली लटकते. ती आमची नाही, वरच्या मजल्यावरच्या बारा नंबरची आहे. बारा नंबरचा मालक राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वर जातो, खिडक्या उघडतो, नळातलं पिवळं पाणी जाऊ देतो, संडासात बादलीभर पाणी ओततो, मीटरकडे बघतो आणि कुलूप लावून खाली येतो. भाडेकरू ठेव, असं मी त्याला निदान पंचवीस वेळा सांगितलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं. "अरे, आणि आम्ही अचानक परत आलो तर?"

अचानक! 1998 सालापासून जो परत यायचा विचार करतोय, तो म्हणे अचानक येणार.

कॉलेजात त्याला दुसरं नाव होतं. आता सगळी सोसायटी त्याला 'यंदा' म्हणते, पोरं 'यंदाकाका' म्हणतात, आणि वॉचमनला तर तेच त्याचं आडनाव वाटतं. कारण डिसेंबरात तो आला, की गेटपाशी जो पहिला भेटेल त्याला सांगतो, "यंदा अगदी नक्की ठरवायचंच." तीन आठवड्यांनी मुंबईची टॅक्सी दारात लागते, डिकीत बॅगा चढतात, तेव्हा तळमजल्यावरचे जोशीकाका गॅलरीतून हात हलवतात आणि गणपतीला म्हणतात तेच त्यालाही म्हणतात. तो हसतो. पण काकांची थट्टा आहे हे त्याला अजून कळलंय असं मला वाटत नाही.

गेला तो दोन वर्षांसाठी. तेव्हा वाय-टू-केचा हंगाम होता. 31 डिसेंबर 1999 च्या मध्यरात्री जगातले सगळे संगणक साल विसरणार आणि पुण्यात ज्याला दोन ओळी कोड लिहिता येतात तो अमेरिकेला जाणार, असे दिवस होते. तोही गेला. "2000 साल उजाडलं की माझं काम संपलं," असं त्यानं आईला पाया पडताना सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं. स्वेटर घेतलास का?" 2000 साल उजाडलं, विमानं पडली नाहीत, बँका बुडल्या नाहीत, आणि आमचा गडीही आला नाही. त्याचा एच-वन व्हिसा तीन अधिक तीन, असा सहा वर्षांचा. "अर्धवट कशाला सोडायचा?" मग ग्रीन कार्डाचा अर्ज केला. का, तर कार्ड हातात असलं की परत जायला भीती नाही! मला यातलं तर्कशास्त्र तेव्हा समजलं नव्हतं. तिथं कायमचं राहायची परवानगी तो मागत होता, ती इकडे येता यावं म्हणून. कार्ड 2004 मध्ये मिळालं. त्यानंतर पाच वर्षं काढली की नागरिकत्व मिळतं, आणि ते असलं की "इकडे नाही जमलं तर तिकडे जाता येतं." मग 2009 मध्ये ध्वजापुढे उभा राहून शपथ घेतली, निळा पासपोर्ट आला, आणि पाठोपाठ ओसीआय, म्हणजे भारताचा आजन्म व्हिसा. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही, बाकी कधीही या. फोनवर तो केवढा खूष होता! "आता कसं, कधीही परत येता येतं." त्या दिवसापासून घाई म्हणून जी काही थोडीफार उरली होती, तीही गेली.

मुलीचं असंच. ती जन्मली तेव्हा ठरलं, बालवाडीच्या आत. मग पाचवीच्या आत, कारण तिथले सगळे म्हणतात की पाचवीनंतर मूल इकडे रुळत नाही. पाचवी ओलांडली तेव्हा, आता शाळा मोडायला नको, कॉलेजला गेली की आपण मोकळे. मुलगी कॉलेजला गेली, शिकली, बोस्टनला नोकरीला लागली. आता तिचं लग्न. तिनं एकदा मला तिच्या त्या गोड, किंचित वाकड्या मराठीत विचारलं, "काका, बाबा परत जायचं म्हणतात ते नक्की कुठे?" मी वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. दुसरं काय दाखवणार?

2017 मध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. तोवर मला वाटायचं की हा नुसता बोलतो. तसं नाही, हा माणूस तिथं खरोखर निघायच्या तयारीत राहतो. घर त्याचं स्वतःचं, तीस वर्षांच्या कर्जाचं. "भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा बरं, जाताना विकू." पण घरात सोफा जुनाच, कोणाकडून तरी घेतलेला, कारण नवा घेतला तर जाताना मातीमोल जाईल. भिंतींवर चित्रं नाहीत, खिळ्यांची भोकं पडली तर घर विकताना किंमत कमी येते. बर्फ काढायचं यंत्र नाही. अवघ्या दोन हिवाळ्यांसाठी यंत्र कशाला, असं म्हणत तो वीसेक हिवाळे फावड्यानं बर्फ उपसत होता, आणि त्यातच त्याची कंबर गेली. शेजारचा म्हातारा इटालियन आपल्या यंत्रानं पाच मिनिटांत आपलं अंगण साफ करायचा आणि कधी कधी दया येऊन याचंही करून द्यायचा.

आणि तळघर. तिथे त्यानं मला मोठ्या अभिमानानं नेलं. तिथे खोकी होती, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं, थर्मोकोलच्या साच्यांसकट. मायक्रोवेव्हचं, मिक्सरचं, तीन प्रिंटरांची तीन. परत जाताना सामान नीट पॅक करता यावं म्हणून. एका भल्या थोरल्या खोक्यावर जुन्या पद्धतीच्या, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीचं चित्र होतं.

"टीव्ही कुठाय?" मी विचारलं.

"तो गेला 2008 मध्ये."

"मग खोकं?"

तो थोडा वेळ खोक्याकडे बघत राहिला. "खोकं चांगलंय रे," म्हणाला.

वहिनींचं काय, असं तुम्ही विचाराल. वहिनींनी फार पूर्वीच ठरवून टाकलंय आणि त्याबद्दल त्या कोणाशी चर्चा करत नाहीत. डेकवर त्यांचा कढीलिंब आहे, कुंडीत. थंडी पडायला लागली की त्या कुंडी आत आणतात, मे महिन्यात बाहेर ठेवतात. ते झाड आता माझ्या खांद्याला लागतं. एकदा नवरा चार माणसांत पुण्याबद्दल फारच हळवा होऊन बोलत होता, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून मला म्हणाल्या, "भावजी, ह्यांना जायचं असेल तर जाऊ द्या की. मी सोडायला नेवार्कपर्यंत येईन."

तिथल्या जेवणांत 'आपल्याकडे' हा शब्द पुण्यासाठी असतो. आपल्याकडे आंबा, आपल्याकडे दिवाळी, आपल्याकडे डॉक्टर फोनवर येतात. इथं उतरला की त्याच शब्दाची जागा बदलते. आपल्याकडे कोणी हॉर्न वाजवत नाही, आपल्याकडे सिग्नल म्हणजे सिग्नल. कर्वे रस्ता ओलांडायला त्याला माझा हात धरावा लागतो. डिसेंबरातले ते तीन आठवडे म्हणजे त्याची पाहणी. रिक्षावाल्याला विचारतो, दूधवाल्याला विचारतो, दाताच्या डॉक्टरला तोंडात हत्यारं असताना विचारतो, "तुम्हाला काय वाटतं, यावं का?" सगळे "या की" म्हणतात. नाही कोण म्हणणार? पहिले दोन आठवडे बाटलीचं पाणी आणि घरचं जेवण. शेवटच्या आठवड्यात धीर चेपतो, मग भेळ, उसाचा रस, आणि मग जे व्हायचं ते होतं. त्या वर्षीचा निर्णय बहुतेक वेळा त्याच्या पोटात होतो.

परत आलेल्यांची त्याच्याकडे वहीच आहे म्हणा ना. अमुक 2006 मध्ये बाणेरला आला, मजेत आहे. तमुक आला आणि दीड वर्षात धुळीनं हैराण होऊन परत गेला. दोन्ही उदाहरणं तो सारख्याच तन्मयतेनं सांगतो, एकाच श्वासात. मध्यंतरी काही वर्षं गांधीजी त्याच्या फार कामाला आले. "गांधीजी 1915 मध्ये 9 जानेवारीला मुंबईत उतरले तेव्हा 45 वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी सगळं केलं!" हे तो 41 व्या वर्षापासून सांगत होता. 46 वा वाढदिवस झाला आणि गांधीजी त्याच्या बोलण्यातून गेले.

पैशाचं गणित तर विचारूच नका. 2007 च्या अखेरीस डॉलर 39 रुपयांवर आला, तेव्हा हा म्हणाला, "आता आणले तर नुकसान, वर जाऊ दे." 2013 च्या ऑगस्टात 68 ला टेकला, तेव्हा, "अजून चढतोय रे, आत्ता कसे आणायचे?" तिथल्या निवृत्तीच्या खात्यातले पैसे साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढले तर दहा टक्के दंड असतो. साडेएकोणसाठ! ज्या सरकारला साठ की एकोणसाठ हेसुद्धा ठरवता येत नाही, त्या देशात हा इतका का रमला ते मला त्या दिवशी कळलं. पुढे 65 ला मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचा सरकारी विमा, "पण तो भारतात चालत नाही." आणि पूर्ण पेन्शन 67 ला. हे सगळे आकडे त्यानं एका एक्सेल शीटमध्ये घातलेत. फाईलचं नाव 'परतावा'. मराठीत एका शब्दात दोन्ही अर्थ बसतात याचं त्याला फार कौतुक आहे.

ती फाईल मी एकदा नीट बघितली. आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तो मला समजावत होता. डावीकडे कारणं, उजवीकडे दहापैकी गुण, खाली बेरीज. धूळ, उणे सात. कामवाली बाई, अधिक आठ. मित्र, अधिक सहा. "मला सहाच?" मी म्हटलं. "तुम्ही सगळे मिळून," तो म्हणाला. वाहतूक, उणे नऊ. भाषा, अधिक पाच. मेट्रो ही ओळ 2022 मध्ये नव्यानं घातलेली, अधिक दोन. आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, आई, अधिक दहा.

काकू 2014 मध्ये गेल्या. वरच बारा नंबरमध्ये, सकाळी चहा पिऊन झाल्यावर. तो तिसऱ्या दिवशी पोचला.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. तोच म्हणाला, "हे काढलं ना, तर बेरीज उणे येते." आणि पान पुढे सरकवलं. मग आयकराबद्दल बोलायला लागला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर उतरलं तर मार्चअखेर 182 दिवस भरत नाहीत, त्याचा फायदा कसा घ्यायचा वगैरे. मी हूं हूं करत राहिलो. हिनं काही न विचारता त्याच्यापुढे आणखी एक पोळी वाढली.

आता सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डिंग 1988 ची, गच्ची गळते, लिफ्ट नाही. निम्म्याहून जास्त सभासदांची संमती पुरते, पण बिल्डरला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. चोवीसपैकी तेवीस झाल्या. चोविसाव्याला आधी आराखडा बघायचा होता. त्यानं आर्किटेक्टला एकोणीस प्रश्न पाठवले. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल का? बाथरूममध्ये धरायला दांडा कुठल्या उंचीवर? स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला असेल का, कारण आईला सकाळचं ऊन लागायचं. आर्किटेक्ट तरुण मुलगी, तिनं मला विचारलं, "आजी कुठे असतात हल्ली?"

मग मजला. नववा की अकरावा? नवव्यावर गोंगाट, अकराव्यावर पाणी वेळेवर चढेल का, म्हातारपणी वीज गेली तर? फाईलमध्ये नवं पान उघडलं गेलं. चार महिने गेले. शेवटी सेक्रेटरीबाईंनी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात दहावा निघाला. न्यूयॉर्कच्या वकिलातीतून त्यानं माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवलं. परदेशातून आलेल्या अशा कागदाला इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ते मी एकोणनव्वदाव्या दिवशी केलं. एक्याऐंशीव्या दिवसापर्यंत त्याचे रोज फोन येत होते, "थांब, मी अजून एकदा विचार करतो." नंतरचे आठ दिवस त्याचा फोनच आला नाही.

घर रिकामं करायचं काम माझ्याकडेच होतं. काकूंची तांब्याची घंगाळी, देव, दोन ट्रंका, सगळं आमच्याकडे आणलं. हातोडेवाले यायच्या आदल्या रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, मागे वहिनी कुंडीला पाणी घालताना दिसत होत्या.

"सगळं काढलंस?"

"सगळं."

"आणि कुलूप?"

कुलूप दाराच्या कडीलाच होतं. मी म्हटलं, उद्या दारच जाणार आहे.

"अरे गोदरेजचं नवताल आहे ते, सात लिव्हरचं! बाबांनी घेतलं होतं. काढून ठेव. नव्या दाराला लावू."

"नव्या दारांना आतली कुलपं येतात. तुझं हे बाहेरून लावायचं."

"अरे, कडी बसवता येते की. बिल्डरला सांग ना, दहाव्या मजल्याच्या दाराला एक कडी. तीन वर्षांत होईल म्हणतोय ना तो? म्हणजे मला साठ पूर्ण. बरोबर जमतंय बघ!" मग मागे बघून, आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "फक्त तोवर तेल घालत जा त्याला."

मी टॉर्च घेऊन वर गेलो. दार उघडं टाकून कुलूप काढलं आणि खाली आलो. हिनं स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची किल्ली काढून ड्रॉवरमध्ये कुलपाशेजारी ठेवली. शिलाई मशीनच्या तेलाची बाटलीही त्याच ड्रॉवरमध्ये असते.