वाडग्यातला कौल

निवडणुकीच्या निकालाला ‘जनतेचा कौल’ असे प्रथम ज्या बातमीदाराने म्हटले, त्याचे नाव मराठी वृत्तपत्रसृष्टीने जतन करून ठेवले नाही, ही आम्ही मोठी कृतघ्नता समजतो. कारण राज्यशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांना जे सत्य शेकडो पृष्ठांत सांगता आले नाही, ते त्या अनामिकाने, कदाचित पहाटेच्या डाक आवृत्तीच्या घाईत, एका दोन अक्षरी शब्दात सांगून टाकले. अरबी भाषेत जन्मलेला आणि फारशी दप्तरांच्या वाटेने आपल्याकडे आलेला हा शब्द पूर्वी सरकार वापरीत असे : ओसाड पडलेला गाव पुन्हा लागवडीस यावा म्हणून पहिली काही वर्षे सारा हलका ठेवण्याचे जे अभयवचन रयतेस लेखी मिळे, त्याला कौलनामा म्हणत, आणि तो सारा पुढे इस्ताव्याच्या हिशेबाने वर्षागणिक चढत जाई. निवडणुकीपूर्वी मिळणारी आश्वासने आणि निकालानंतर चढणारे कर ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना या पद्धतीचा अधिक खुलासा करण्याचे प्रयोजन नाही. कोकणात आणि गोव्यात मात्र तोच शब्द सरकारच्या कचेरीतून निघून देवळाच्या गाभाऱ्यात गेला. तेथे गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवितो, यजमानाचे गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार व डावी पडली तर नकार, असे समजून माणसे लग्ने ठरवितात आणि वाटण्या मिटवितात.

मतदाराचा कौल यांपैकी कोणत्या जातीचा, सरकारी की देवाचा, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ वर्षे घोळत होता. त्याचा निकाल अखेर सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळात, प्रतिनिधिगृहाच्या ९४ क्रमांकाच्या मतदारसंघाने लावला.

हे विधिमंडळ काही कालपरवाचे नव्हे. १६१९ साली, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माच्या अकरा वर्षे आधी, जेम्स नदीच्या काठी जेम्सटाउन येथे त्याची पहिली बैठक भरली, आणि त्या देशातील लोकप्रतिनिधींची सर्वांत जुनी परंपरा आपली, असा त्याचा सार्थ अभिमान आहे. नदीच्या त्याच काठाने समुद्राकडे येत राहिले की मुखाशी न्यूपोर्ट न्यूज हे शहर लागते. तेथील गोदीत अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू जहाजे बांधली जातात. तेव्हा तेथील लोकांना मोजमापाचे आणि बिनचूकपणाचे वावडे आहे, असे कोणी म्हणू नये. या शहराचा एक तुकडा म्हणजे तो ९४ क्रमांकाचा मतदारसंघ. शंभर सभासदांच्या त्या गृहात रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी हे त्याचे प्रतिनिधी होते, आणि २०१५ साली ज्यांना त्यांनी पराभूत केले होते त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स २०१७ साली पुन्हा त्यांच्यासमोर उभ्या ठाकल्या होत्या.

७ नोव्हेंबर २०१७ रोजी मतदान झाले आणि पहिल्या मोजणीत यान्सी दहा मतांनी पुढे निघाले. दहा मते म्हणजे आपल्याकडे एका चाळीतल्या एका मजल्याची नाराजी. अर्थात फेरमोजणी आली. १९ डिसेंबरला ती झाली, तेव्हा दहा मतांची आघाडी वितळून उलट सायमंड्सबाईंच्या पारड्यात एक मत अधिक पडले : ११,६०८ विरुद्ध ११,६०७. प्रतिपक्षाच्या पुढाऱ्यांनीसुद्धा खिलाडूपणे बाईंचे अभिनंदन केले. पूर्वी ६६ विरुद्ध ३४ असे भक्कम असलेले त्या पक्षाचे बहुमत पन्नास-पन्नासावर येऊन थांबले. आणि बाई विजयी म्हणून झोपी गेल्या. झोपेपर्यंतचा हा विजय पुरता चोवीस तासही टिकला नाही, यावरून अभिनंदनाची तार घाईने करू नये, हा जुन्या लोकांचा संकेत किती शहाणपणाचा होता, हे ध्यानात यावे.

कारण दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे एक मतपत्रिका आली. ती आदल्या दिवशीच्या मोजणीत बाद म्हणून बाजूला ठेवली होती. तिच्यावर कोणा अज्ञात मतदाराने यान्सी यांच्या नावापुढचा गोल भरला होता आणि सायमंड्स यांच्या नावापुढचाही गोल भरला होता. आणि मग, पश्चात्ताप म्हणून, खूण पटावी म्हणून, की हाताला सवय म्हणून कोण जाणे, सायमंड्सबाईंच्या गोलावरून एक तिरपी रेघ ओढली होती. एवढ्यावर प्रश्न सुटला असता. परंतु या मतदाराचा हात उदार होता. गव्हर्नरपदाच्या रकान्यात ज्या रिपब्लिकन उमेदवाराचा गोल त्याने भरला होता, त्याच्यापाशीही त्याने एक जादा खूण केली होती. म्हणजे जादा खूण ही एका ठिकाणी नकाराची मानावी तर दुसऱ्या ठिकाणी ती आग्रहाची का मानावी, असा पेच पडला.

आमच्याकडे असा प्रसंग आला असता तर आम्ही पूर्वमीमांसकांना पाचारण केले असते. श्रुतीत एका ठिकाणी तांदळाने यज्ञ करा आणि दुसऱ्या ठिकाणी यवाने करा असे आले, तर काय करावे, यावर त्या मंडळींनी शतकानुशतके काथ्याकूट केला, विकल्पाला चांगले मोजून आठ दोष असतात असा सिद्धान्त मांडला, आणि विकल्प पत्करणे हा अगदी अखेरचा, निरुपायाचा मार्ग ठरविला. व्हर्जिनियाच्या न्यायमूर्तींनी शाबरभाष्य वाचले असण्याचा संभव कमी. परंतु शास्त्र ते शास्त्र, ते आपोआप सुचते. उपक्रम पाहावा, उपसंहार पाहावा आणि मग संदिग्ध वाक्याचा अर्थ लावावा, या न्यायाने त्यांनी संपूर्ण मतपत्रिका वाचली. इतर जागांसाठी या गृहस्थाने (किंवा गृहिणीने) डेमोक्रॅटिक पक्षाच्या कोणालाही कौल दिलेला नाही हे पाहिले. आणि ती तिरपी रेघ म्हणजे नकार, ती जादा खूण म्हणजे शाईचा अतिरेक, असा निर्णय देऊन ते मत यान्सी यांच्या खात्यात जमा केले. ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

या क्षणी ज्या विचाराने आम्ही स्तिमित झालो तो वाचकांपुढे ठेवितो. तेवीस हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी कामधाम सोडून मतदानकेंद्रावर गेली. त्यांनी आपले मत ठाम केले होते, आणि नेमका एकच गोल, नियमाप्रमाणे, पूर्ण काळा करून ती घरी आली होती. या निश्चयी माणसांनी एकमेकांना पुरते कापून टाकिले, जमा-खर्चाची बाकी शून्य. आणि राज्याचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार उरला तो कोणाकडे, तर ज्या एका माणसाने दोन्ही गोल भरले त्याच्याकडे. लोकशाहीत मतदार हा राजा असतो असे म्हणतात ते खरेच आहे. फक्त कोणता मतदार, एवढेच आजवर गुलदस्तात होते.

समसमान मते पडली तर चिठ्ठ्या टाकून निकाल करावा, असा व्हर्जिनियाचा कायदा आहे, आणि १९७१ सालीही तेथे एका जागेसाठी हाच उपाय योजावा लागला होता. न्यायालयीन अर्जांमुळे एकदा पुढे ढकललेला हा विधी ४ जानेवारी २०१८ रोजी राजधानी रिचमंड येथे यथासांग पार पडला. विधी हा शब्द आम्ही जपून वापरीत आहोत. उभय उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या फोटोच्या रिळाच्या जुन्या डब्यांत घातल्या गेल्या. जी डबी वर्षानुवर्षे अंधार सांभाळण्यासाठी निर्माण झाली, तिच्यात लोकमत ठेवण्याचे औचित्य ज्या अधिकाऱ्याला सुचले, तो मनाने कवी असला पाहिजे. त्या डब्या निळ्या-पांढऱ्या झिलईच्या एका मातीच्या वाडग्यात ठेवल्या. हा वाडगा राज्याच्या कलासंग्रहालयातून मागून आणला होता, कारण इतक्या मंगल कार्याला घरातले भांडे चालत नाही. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी पाकळीऐवजी डबी उचलली, उघडली आणि वाचली : डेव्हिड यान्सी. सायमंड्सबाई सभागृहात बसून हे पाहत होत्या. विजयी उमेदवार मात्र हजर नव्हते. देवाचा कौल घेताना यजमानाला समोर उभे राहावे लागते, त्या मानाने पाश्चात्त्यांची पद्धत अधिक सोयीची म्हणावी लागेल.

मतांचा जोगवा मागत हिंडणारे उमेदवार आम्ही जन्मभर पाहत आलो; पण दारोदारच्या जोगव्यानंतर अखेरची मूठ कलासंग्रहालयाच्या वाडग्यातून पडावी, हे भाग्य विरळा. त्या एका डबीने ५१ विरुद्ध ४९ असे बहुमत निर्माण केले.

या वार्तेवर आपल्याकडील काही सुबुद्ध मंडळी हसली. त्यांचे हसू आम्ही त्याच वर्षाची एक आठवण देऊन आवरले. २०१७ च्याच फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भारतीय जनता पक्षाचे अतुल शाह यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली, फेरमोजणीनेही गाठ सुटेना, आणि शेवटी एका लहान मुलीच्या हातून चिठ्ठी उचलवून शाह यांना विजयी घोषित करण्यात आले. ती मुलगी मतदार नव्हती, कारण तिचे वय झाले नव्हते. तिच्याइतका निःपक्षपाती मतदार त्या दिवशी त्या प्रभागात दुसरा नव्हता, आणि तो मतदारयादीत नसावा, हेही यथायोग्यच झाले. विधानसभा आणि लोकसभेच्या निवडणुकांसाठी तर आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या ६५ व्या कलमात ही गोष्ट अधिकच नितळपणे सांगितली आहे : चिठ्ठी ज्याच्या बाजूने पडेल त्याला आणखी एक मत मिळाले असे समजावे. म्हणजे प्रारब्ध हा भारतीय गणराज्याचा मान्यताप्राप्त मतदार आहे. त्याला ओळखपत्र लागत नाही, बोटाला शाई लागत नाही, आणि त्याला मतदानकेंद्रावर आणण्यासाठी कोणालाही रिक्षा पाठवावी लागत नाही.

तेव्हा चिठ्ठीला आम्ही दोष देत नाही. तिने कधी कोणाच्या बिदागीला हात लावलेला नाही. आमचा आक्षेप आहे तो रेघेवर. कारण पुढे मे २०१८ मध्ये वृत्तपत्रांनी असे उजेडात आणिले की, याच मतदारसंघातील सव्वीस मतदारांची नावे चुकून शेजारच्या संघात नोंदली गेली होती आणि त्यांनी तेथे मते दिली. सव्वीस! जेथे एकाची उणीव होती तेथे सव्वीस माणसे नकाशावरच्या रेघेच्या पलीकडे उभी होती, आणि मध्यंतरी तीन न्यायमूर्ती दुसऱ्या एका रेघेचा अर्थ लावण्यात गढले होते. त्यानंतर संघराज्याच्या न्यायालयाने राज्यातील अकरा मतदारसंघ वांशिक हिशेबाने आखले गेले आहेत असे ठरविले. नकाशा नव्याने आखला, त्यात या ९४ क्रमांकाच्या रेघाही सरकल्या, आणि २०१९ साली सायमंड्सबाई अशा ठळक मताधिक्याने निवडून आल्या की कलासंग्रहालयाला तसदी देण्याचा प्रसंगच आला नाही. एका रेघेने घालविलेली जागा दुसऱ्या रेघेच्या साहाय्याने परत मिळाली. पुढे जनगणनेनंतरच्या आखणीत ९४ हा क्रमांक खाडी ओलांडून नॉरफोकला गेला, आणि बाई ७० क्रमांकाच्या प्रतिनिधी झाल्या. मतदार प्रतिनिधी बदलतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात कित्येकदा पट्टी आणि पेन्सिल घेतलेला कारकून मतदार बदलीत असतो.

राहिला तो दोन गोल भरणारा अज्ञात मतदार. गुप्त मतदानाच्या पवित्र तत्त्वामुळे तो कोण, हे जगाला कळणार नाही, आणि कदाचित त्यालाही शपथेवर सांगता येणार नाही. आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, कौल लावावयास जाणाऱ्याने गाऱ्हाणे मोघम घालू नये, कारण मोघम प्रश्नाला देव मोघम उत्तर देतो आणि त्याचा अर्थ मग गुरव लावतो, हे कोकणातील म्हाताऱ्यांचे सांगणे मतदानकेंद्रावरही लागू आहे. गोल भरताना चूक झाली तर रेघ ओढून ती दुरुस्त करण्याची मुळी गरजच नव्हती. बिघडलेली मतपत्रिका परत केली असती, तर व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे टेबलापाशी बसलेल्या कर्मचाऱ्याने त्या मतदाराला दुसरी कोरी मतपत्रिका विनामूल्य दिली असती.