सुसरबाई, तुझी पाठ

शाळेत मराठीच्या पेपरात म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायचा प्रश्न असे. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण आली की अर्थ मी घडाघडा लिहायचो : नदीत सुसरीच्या तावडीत सापडलेल्या माणसाने जीव वाचवण्यासाठी केलेली खुशामत. वाक्यात उपयोग मात्र सुचायचा नाही. पुढे नोकरीला लागलो आणि सव्वीस वर्षं त्या म्हणीचा वाक्यात उपयोग करण्यावाचून दुसरं काही केलं नाही. साहेब बदलत गेले, वाक्य तेच राहिलं.

पण खरी सुसर कधी पाहिली नव्हती. आम्ही सांगलीचे. आमच्या कृष्णेत मगरी आहेत, पूर ओसरल्यावर एखादी बांधावर ऊन खात पडलेली सापडते, आणि त्यामुळे या विषयात सांगलीकराला कुणी शिकवू नये अशी आमची समजूत असते. मगर वेगळी आणि सुसर वेगळी, हे मला ग्वाल्हेरच्या मामांनी ऐकवलं.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या चार पिढ्या लष्करात गेल्या, म्हणजे फौजेत नव्हे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली, ती परत उठलीच नाही, तिचंच शहर झालं, आणि त्या भागाला अजून लष्कर म्हणतात. तिथले मराठी लोक घरात मराठी बोलतात, पण क्रियापदं अधूनमधून रजेवर जातात आणि हिंदी बदलीवर येते.

"जावईबापू, इतक्या ठंडीत मफलर नाही? हवा लागून जाईल कानाला," मामांनी स्टेशनवरच सुरुवात केली.

संक्रांतीचे दिवस होते. सकाळी मामींनी बेडई आणि जिलेबी खायला घातली आणि वर तिळगूळ हातावर ठेवला. 'गोड बोला' असं म्हणाल्या तेव्हा माझ्याकडे नाही, मामांकडे बघत होत्या. मग मामांनी फर्मान काढलं : चंबळवर जायचं, घडियाल बघायला. घडियाल म्हणजेच आपली सुसर.

"तिथे डाकू असतात ना हो?" बायकोने विचारलं. माहेरच्या माणसांकडे आली की तिला सासरच्या माणसांसारखे प्रश्न पडतात.

"बागी म्हणायचं, बेटा. आणि ते कधीच सरेंडर होऊन गेले. आता उरले ते रेतीवाले," मामा म्हणाले.

ग्वाल्हेर ते मुरैना चाळीसेक किलोमीटर. धुकं एवढं की पुढे रस्ता आहे ही केवळ ड्रायव्हरची श्रद्धा होती. एक तास आम्ही पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं 'बुरी नजर वाले' एवढंच निसर्गदर्शन घेतलं. धुकं फाटलं तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळीधमक मोहरी दिसली आणि मोहरी संपली तिथे जमीन एकदम खचून गेल्यासारखे मातीचे कडे, घळी, घळींच्या पोटात आणखी घळी. हेच ते बीहड. सिनेमात यातून घोडे येतात. आमच्यासमोर एक बकरी आली.

मुरैन्यात गजकासाठी थांबणं भागच होतं. तीळ आणि गूळ कुटून कुटून त्याचे इतके पापुद्रे करतात की तोंडात टाकल्यावर चावावं की नुसतं थांबावं, हे कळत नाही. आपला तिळगूळ माणसाला गोड बोलायला सांगतो आणि वर दाताची परीक्षा घेतो. गजक काही सांगत नाही, नुसतं विरघळतं. मामांनी एक किलो घेतलं. अर्धा किलो नदीपर्यंत पोचलं.

मुरैन्याच्या पुढे हमरस्त्यालगत देवरीचं घडियाल केंद्र आहे. नदीच्या वाळूतून दरवर्षी काही अंडी इथे आणतात, उबवतात, पिल्लं वाढवतात आणि ती सव्वा मीटरच्या आसपास लांब झाली की चंबळेत सोडून देतात. हौदांत पिल्लं एकमेकांवर रचून ठेवलेली होती. गोळीच्या पुडीएवढं अंग आणि समोर चिमट्यासारखं तोंड. सगळी एकाच दिशेला बघत, हलायचं नाव नाही. माझ्या बायकोला ती सरकारी कचेरीतल्या रांगेसारखी वाटली. मला तिचं निरीक्षण पटलं, फक्त रांगेत माणसं एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन एवढी शांत उभी राहत नाहीत. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मामी म्हणाल्या, "म्हणजे चूल ठरवते." मामांनी विषय बदलला.

हे सगळं का करावं लागतं, तर १९७० च्या दशकात सगळ्या जगात मिळून दोनशेही सुसरी उरल्या नसाव्यात असा अंदाज होता. कातड्यासाठी मारल्या, जाळ्यात अडकल्या, अंडी लोकांनी खाल्ली. मग १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांनी मिळून चंबळेचा शेकडो किलोमीटरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर केला. तीन राज्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं हीच मुळात दुर्मीळ प्रजाती. आज एकट्या चंबळेत दोन हजारांच्या वर सुसरी आहेत आणि जगातल्या बहुसंख्य सुसरी याच नदीत आहेत.

राजघाटाला पोचलो. अलीकडचा काठ मध्य प्रदेश, पलीकडचा राजस्थान. सुसर सकाळी एका राज्यात ऊन खाते आणि दुपारी दुसऱ्या राज्यात मासा, टोल न भरता. नदी पाहून मी गप्प झालो. निळं, खरोखर निळं पाणी. तळातली वाळू दिसत होती. मी कृष्णाकाठचा माणूस, नदीचा तळ मी फक्त उन्हाळ्यात कोरडा झाल्यावर पाहिलेला.

"शापित नदी आहे," मामा म्हणाले. "रंतिदेवाच्या यज्ञातल्या गाईंची चामडी, त्यातून वाहून निघाली, म्हणून चर्मण्वती. कुणी पूजा करत नाही, मोठं तीर्थ नाही, मेळा नाही. त्यामुळे साफ राहून गेली."

आमची कृष्णामाई परम पवित्र. त्यामुळे तिला निर्माल्य मिळतं, प्लास्टिक मिळतं, गावोगावचं सांडपाणी मिळतं आणि संध्याकाळी वर आरती मिळते. मला वाटलं, एखादा बेताचा शाप आमच्याकडेही मिळाला तर बघावं.

होडीवाल्याने नारिंगी जाकिटं दिली. माझ्या जाकिटाचे पट्टे पोटापाशी येऊन थांबले आणि एकमेकांकडे नुसते बघत राहिले. होडी सुटली. १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज ही नदी ओलांडून उत्तरेला गेली, असं मामा तल्लीन होऊन सांगत होते. परत येताना किती जण आले, हे ते नेहमी सांगत नाहीत. पाण्यावर भगव्या-बदामी पक्ष्यांची जोडी तरंगत होती. चक्रवाक. रात्री विरहाने एकमेकांना हाका मारतात म्हणून संस्कृत कवींनी त्यांच्यावर हजार वर्षं पोट भरलं. हिंदीत हाच सुर्खाब.

"यांना काय सुर्खाबाचे पर लागले आहेत का म्हणतात ना, तेच हे," असं म्हणून मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाकिटाचा पट्टा ओढायचं सोडून दिलं.

आणि मग सुसर दिसली. आधी एक, मग सहा, मग वाळूचा अख्खा दांडा म्हणजे सुसरीच. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. आम्ही वाहत वाहत वीसेक हातांवर गेलो. सगळ्यात मोठा नर सोळा फुटांच्या घरातला. शेपटीवर करवतीसारखे उभे दाते, पाठीवर कौलारू घरासारखी खवल्यांची ओळ, आणि ते तोंड! अरुंद, लांब, चिमटा म्हणावं तर चिमट्यालाही लाज वाटावी असं. बाहेर डोकावणारे सुयांसारखे शंभरेक दात. तोंडाच्या टोकाला, नाकपुड्यांवर, उपडं मडकं. तोच घडा, त्यावरून घडियाल. हे मडकं वयात आलेल्या नरालाच येतं आणि त्यातून तो गुरगुर आणि फटाक्यासारखा आवाज काढतो, माद्यांना कळावं म्हणून. पुरुषाने वयात आल्यावर नाकावर मडकं घेऊन आवाज करत फिरणं ही पद्धत आपल्याकडेही आहे, मात्र आपल्या नाकावर ते दिसत नाही.

"चावते का?" बायकोने हळूच विचारलं.

होडीवाला दुखावला. "मगर गुंडा है, बहनजी. घड़ियाल शरीफ़ आदमी है।"

खरंच आहे. इतक्या नाजूक जबड्याने माणसासारखा ऐवज पेलणार कसा? सुसर मासे खाते. पाण्यात मान बाजूला झटकली की अरुंद तोंड पाणी कापत जातं आणि मासा सुयांवर. चावणं नाही, डोकं वर करून मासा तोंडात फिरवायचा, डोक्याकडून गिळायचा. मोठ्या नराला तर जमिनीवर धड चालताही येत नाही. पोट उचलत नाही, म्हणून वाळूवर ढकलत ढकलत जातो. तसा तो आमच्यासमोर तीन वेळा सरकला आणि दमून थांबला. मला त्याच्याविषयी एकदम जवळीक वाटली.

म्हणजे सव्वीस वर्षं मी ज्या प्राण्याची खुशामत केली तो मुळात कुणाला खातच नव्हता. म्हण करणाऱ्या माणसाने बहुधा मगर पाहिली आणि नाव सुसरीचं लावलं. कचेरीतही बऱ्याचदा असंच होतं.

"जून में आइए," होडीवाला म्हणाला आणि त्याने मोबाइल काढला. फोटोत असाच एक दांडगा नर पाण्यात होता, मडक्यासकट. आणि त्याची पाठ दिसतच नव्हती. डोक्यावर, मानेवर, पाठीवर पिल्लं. शंभराच्या वर असतील, एकावर एक, देवरीच्या हौदासारखीच, पण सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. जूनमध्ये अंड्यातून पिल्लांचा आवाज आला की आया वाळू उकरतात, सगळ्यांची पिल्लं एकत्र जमतात, आणि हा बाबा त्यांना पाठीवर घेऊन पाण्यात राखण करतो.

म्हणजे पाठीची गोष्ट खरी निघाली. फक्त सुसरबाईची नव्हे, सुसरबुवांची. मी बायकोला तो फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बघा." एवढंच.

होडीवाल्याने डॉल्फिन खालच्या अंगाला आहेत म्हणून सांगितलं, दोन कासवं दाखवली, आणि आम्ही परत फिरणार इतक्यात मामांना चक्रवाकांचा फोटो जवळून हवा झाला. "थोडं और, थोडं और," करत त्यांनी होडी उथळात घालायला लावली. खर्रर्र झालं. होडी वाळूवर बसली. होडीवाला उतरला, ढकलली, हलेना. वजन कमी करा म्हणाला आणि नको इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला.

मी पँट गुडघ्यावर दुमडून उतरलो. पाणी असं की पायाला नुसतं थंड नाही, एकदम खोटं वाटायला लागलं. पाण्याखालून काय येईल याचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि त्याचाच विचार केला. बायको आणि मामी चपला हातात घेऊन टणटण काठावर गेल्याही. राहिले मामा. त्यांच्या गुडघ्याचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी थंड पाण्याला मनाई केलेली.

"जावईबापू, मी बसून राहतो ना. तुम्ही लोक जा," मामा म्हणाले, ज्या आवाजात माणसं नेहमी याच्या उलट सांगत असतात.

मी पाठ वळवली आणि वाकलो.

"अहो, तुमचा कमरेचा पट्टा ग्वाल्हेरला राहिलाय!" काठावरून बायको ओरडली.

मामा चढले. एका हातात गजकाचा पुडा, दुसरा हात माझ्या मानेभोवती, मफलर माझ्या तोंडात. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. पोट फारसं न उचलता, ढकलत ढकलत. पलीकडच्या दांड्यावरून तो सोळा फुटी नर आमच्याकडे पाहत होता, निदान मला तरी तसं वाटलं. काठ अजून दहा पावलं होता, पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि माझा पाय वाळूत रुतायला लागला होता. मी थांबलो. डुललो.

मामांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"जावईबापू," ते कानाशी म्हणाले, "पाठ मोठी मऊ आहे हो तुमची."