बर्फमहर्षींना अनावृत पत्र

प्रिय कोचसाहेब,


रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये आपण निळा ड्रम मांडलात, बर्फाच्या लाद्या फोडून आत टाकल्यात आणि तळमजल्यावरच्या काकांना त्यात गळ्यापर्यंत उतरवलंत. स्वतः मात्र चेन लावलेलं जॅकेट घालून, हातात स्टॉपवॉच धरून काठावर उभे. तपश्चर्या शिष्यांनी करायची, गुरूंनी वेळ मोजायची, हे आम्हाला मान्यच आहे. ‘ब्राउन फॅट जागं होतंय, पोट वितळतंय!’ ही आपली आरोळी तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. पत्रकात ‘जागतिक संशोधनाने सिद्ध’ असंही छापलंय. ते संशोधन आपण वाचलंय, असं मात्र कुठे छापलेलं दिसलं नाही.

तपकिरी चरबी खरी आहे, तिच्यावर आमचा राग नाही. पांढरी चरबी साठवते, ही जाळून ऊब करते. ती बाळांतच असते, मोठ्यांत जवळजवळ उरत नाही, असा बराच काळ समज होता. पेट स्कॅनमध्ये मानेशी, खांद्यांवर ती चमकली, की डॉक्टर वैतागायचे आणि रुग्णाला ऊबदार पांघरूण द्यायचे! 2009 साली बोस्टन, मास्त्रिख्त आणि तुर्कू इथल्या तीन अभ्यासांनी तिचं अस्तित्व पक्कं केलं. बोस्टनच्या 1,972 रुग्णांच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये ती दिसली 7.5 टक्के बायकांत आणि 3.1 टक्के पुरुषांत. मास्त्रिख्तला 16 अंशांच्या गारव्यात 24 पैकी 23 पुरुषांत जागी झाली. तुर्कूत तर पाचच जणांनी एक पाय थंड पाण्यात घातला, तोही मधूनमधून. ड्रम कुठेच नव्हता, साहेब.

आणि जास्त जागी कोणात? सडपातळ माणसांत. ज्याला गरज, त्याच्याकडेच खडखडाट. ती कमी म्हणून माणूस जाड होतो, की जाड माणसाला चरबीचंच पांघरूण असल्याने तिचं काम पडत नाही, हा गुंता त्या अभ्यासांतून सुटत नाही. आपण तो 2,999 रुपयांत सोडवलात, धन्य आहे. शिवाय 2014 साली लायडनच्या संशोधकांना दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत ही चरबी गोऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी आढळली. म्हणजे आपलं गिऱ्हाईकच मुळात कच्च्या मालाविना आलेलं.

गारठ्याने भूक खवळते, हे वेगळंच. ड्रममधून निघालेले काका थेट मिसळीच्या दुकानात गेले. दोन पाव जास्तीचे मागवले, तर्री वेगळी.

एक किरकोळ चौकशी. अचानक बर्फाच्या पाण्यात शिरलं, की नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळतात. काकांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. आपल्या फॉर्मवर नाव, मोबाईल आणि टी-शर्टचा साइज, एवढेच रकाने आहेत.

आपली,
तिसरा मजला